टेकडीवरची दाढ

—नाही हो, टेकडी कुठं पळून जात नाही. बसा आधी. पुण्याहून सकाळच्या गाडीनं आलात, पिंपरी स्टेशनापासून इथवर पायी आलात, आणि टेकल्या टेकल्या म्हणता, जागा दाखवा. दाखवतो ना! उपासनेला अजून अर्धा तास आहे, तोवर आमची मंडळी जमेल, उपासना झाली की मग जाऊ. अगं शालन, दोन कप चहा टाक, कॉलेजातले प्रोफेसर आलेत — हो, तेच, दाढेबद्दल पत्र घातलं होतं ते. चहा चालतो ना आमच्याकडचा? नाही, विचारलेलं बरं. इथं अजून पुष्कळांना ख्रिस्ती घरचा चालत नाही.

ही बघा. दोन्ही हात लावा, जड आहे. शाळेच्या कपाटात फडक्यात गुंडाळून ठेवतो. मुलं म्हणतात, मास्तर, हा तर टाकी लावलेला पाटा — रेघा तशाच आहेत की नाही? पण हत्तीची दाढ. आताचा हत्ती नव्हे, तुम्ही लिहिलंत तसा जुना, नाहीसा झालेला. त्यावर आपलं भांडण नाही. भांडण आहे ते जुना म्हणजे किती जुना यावर. तुम्ही लिहिलंत, निदान वीस हजार वर्षं. वीस हजार! अहो प्रोफेसर, इतकी वर्षं जगालाच झालेली नाहीत.

हसलात. हसा, मला राग नाही. पण मी गणिताचा मास्तर, मांडून बघितल्याशिवाय बोलत नाही. पवित्र शास्त्रात सगळं दिलंय — आदाम एकशे तीस वर्षांचा असताना त्याला शेथ झाला, शेथ एकशे पाच वर्षांचा असताना अनोश — अशी एकाखाली एक मांडत या, नोहाच्या जलप्रलयापर्यंत सोळाशे छप्पन्न वर्षं भरतात. मुलांकडून फळ्यावर करून घेतो मी. दर वर्षी एक तरी पोर विचारतं, मास्तर, नोहाचा आजा मथुशलह तर प्रलयाच्याच सालात मेला, मग बुडून मेला की आधीच? म्हणजे बघा, बेरीज बरोबर आल्याशिवाय असला प्रश्न पडतो का? आणि तिथून आजवर धरून सगळी मिळून सहा हजार. त्यात तुमची वीस हजार मी कुठं बसवू? हत्ती बसवता येईल हो, नोहानं जोडीनं बसवलेच होते तारवात. वर्षं बसत नाहीत.

नाही, विज्ञानाशी आमचं वैर नाही, असं समजू नका. विज्ञानही मीच शिकवतो इथं. लोहचुंबक, तरफ, पाण्याची वाफ. पलीकडं तो औषधाचा कारखाना उभा राहिला, बुरशीपासून औषध करतात तिथं, आमच्या शालनचा न्यूमोनिया तसल्याच सुईनं गेला. मी देवाचे आभार मानले आणि डॉक्टरचेही. जे आज डोळ्यांसमोर होतं, करून बघता येतं, ते विज्ञान — ते मान्य. पण जिथं तुम्ही नव्हता, मी नव्हतो, कुणीच नव्हतं, तिथलं कुणाला विचारायचं? जो हजर होता त्याला. साक्षीदाराचा शब्द घ्यायचा असतो, प्रोफेसर, साक्षीदाराला — असो. चहा आला बघा.

तुम्ही म्हणाल, मास्तर, एक पहिलं पान तेवढं सोडा, बाकीचं ठेवा. सगळे शिकलेले लोक असंच म्हणतात. तुम्हाला सोपं आहे. माझा बाप शाळेच्या ओट्याखाली, उन्हात बसून मुळाक्षरं शिकला. त्याची पाटी मास्तर लांबूनच बघायचे. त्याला कुणीतरी ते पहिलं पान वाचून दाखवलं — देवानं मातीचा एक माणूस केला, आणि आपण सगळे त्याच्याच पोटचे. कुणी मुखातून नाही, कुणी पायातून नाही. एक माती, एक बाप. तेवढ्या एका पानावर माझा बाप उठला आणि ओट्यावर जाऊन बसला. मार खाल्ला, पण बसला. आता तुम्ही म्हणता, ती नुसती गोष्ट आहे, तसं काही घडलं नाही. मग माझ्या बापानं मार कशावर खाल्ला? आदामच झाला नाही, तर तुम्ही आणि मी भाऊ कसे? — माकडावरूनही भाऊच लागतो म्हणता? बरं म्हणता. पण माकडाच्या नावानं कुणी कुणाला ओट्यावर घेतल्याचं मी तरी ऐकलेलं नाही.

तर ही दाढ. टेकडीवर सापडली. टेकडीचंच काय एवढं म्हणता? अहो, नदीकाठच्या गाळात सापडली असती तर कुणीही म्हणालं असतं, पवनेला पूर आला, वाहून आली. पण टेकडीच्या माथ्यावर? तिथं चढायला एकच पाणी लागतं, नोहाच्या वेळचं. म्हणून तर आमच्या मिशनच्या गोऱ्या साहेबांनी फोटो काढून अमेरिकेतल्या मासिकाला धाडला, तुमच्या हाती पडला तो. फेटा बांधून उभा आहे तो मीच. कातळात असलं काही सापडत नसतं? तुमच्या पुस्तकात नसेल सापडत. इथं सापडलं.

हा कोपरा? हा पहार लागून उडाला. ठण्णकन आवाज झाला, मला वाटलं दगडच, तेवढ्यात खालून ओरडला, मास्तर, दोर सोडा — म्हणजे — होती पहार बरोबर. टेकडीवर पहार कशाला म्हणजे? झाड लावायला. खड्डा करत होतो झाडासाठी. दोर... दोर कशाला लागेल झाडाला? चहा घ्या ना, निवतोय.

राहू द्या तो कोपरा, प्रोफेसर. किती वेळ त्यावरून अंगठा फिरवताय.

विहिरीत. झालं? ती समोरच्या आमच्या ख्रिस्ती देवळामागची विहीर, रहाट आहे ती. छप्पन्न सालच्या उन्हाळ्यात खणली. वर काळी माती, मग पिवळी, मग नदीच्या गोट्यांची खडी, त्या खडीत, अठरा हात खाली. टेकडीशी तिचा काडीचा संबंध नाही. हळू बोला, शालन आत आहे. चौदा महिने झाले, बायको असून तिलासुद्धा सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात साहेब दौऱ्यावर आले. मराठी मोडकंच त्यांचं. दाढ हातात घेतली, डोळ्यांत पाणी आलं, त्या टेकडीकडं बोट केलं आणि म्हणाले, "मास्तर, टेकडीवर मिळाला?" मला म्हणायचं होतं, नाही साहेब, विहिरीत. ओठांवर आलं होतं. पण बत्तीस वर्षं मी जे शिकवत आलो ते सगळं त्या माणसाच्या डोळ्यांत खरं होऊन उभं होतं. मी म्हणालो, होय साहेब. दोन शब्द! आणि साहेब तिथंच मातीत गुडघे टेकून प्रार्थना करायला लागले. आता प्रार्थनेतल्या माणसाला मध्येच उठवून कसं सांगायचं? उठल्यावर म्हणाले, उद्या जागा दाखवा. मी उजाडायच्या आत खुरपं घेऊन वर गेलो आणि माथ्यावर खड्डा उकरला. नखं फुटली माझी. मनाला म्हणत होतो, प्रलय झाला हे तर खरंच आहे ना, मग खड्डा इथं काय नि तिथं काय. खऱ्यालाच थोडा टेकू दिला. देवाच्या शब्दाला माझा टेकू, प्रोफेसर! म्हणजे मलाच खात्री नव्हती की काय? हे मी रोज स्वतःला विचारतो. ज्याला खात्री असते तो पहाटे उठून खड्डे उकरत नाही.

तेवढ्यावर निभावलं असतं. पण विहीर खणणारा होता ज्योतीराम. आमच्याच मंडळीतला. बाप्तिस्म्यासाठी तयार मीच केला त्याला. अक्षर येत नाही, पण दहा आज्ञा तोंडपाठ. रविवारी साहेबांनी उपासनेत दाढेचं सांगितलं, सगळ्यांनी आभाराचं गीत म्हटलं, आणि हा मागून उठला. "मास्तर, ती टेकडीवरची न्हाई. म्या काढलीया ती, हिरीतनं. माझ्याच पहारीचा घाव हाय तिला." भांडायला नव्हता उठला हो! त्याला वाटलं, मास्तरांचं बोलताना चुकलंय, आता दुरुस्त करतील. अख्खी मंडळी माझ्याकडं बघायला लागली. साहेबही. आणि मी म्हणालो, ज्योतीरामचा काहीतरी घोटाळा होतोय.

आमच्याकडं पंच असतात. त्यांत मुख्य यशवंतराव, नाकासमोर चालणारा माणूस. त्यांनी तीन वेळा विचारलं, शब्द मागं घेतोस का? हा म्हणाला, खोटं कसं बोलू, मास्तरांनीच शिकवलंय. झालं — खोटी साक्ष दिली, मंडळीत फूट पाडली, म्हणून प्रभुभोजनातून बंद केला त्याला. तुम्हाला वाटेल, एवढंच ना. एवढंच नाही हो. महिन्यातून एकदा आम्ही भाकर मोडतो, एकाच ताटातली खातो, एकाच प्याल्याला तोंड लावतो. ज्याच्या सावलीला माणसं बाजूला सरकायची, त्याचा उष्टा प्याला इथं यशवंतराव तोंडाला लावतात. हे त्याचं तोडलं मी. चौदा महिने दर रविवारी येतो, दाराबाहेर बसतो, गाणी बाहेरूनच म्हणतो. आवाज मोठा आहे मेल्याचा, आत ऐकू येतो. त्याची बायको, तानाबाई, आपला तुकडा खात नाही, पदराच्या गाठीला बांधून त्याच्यासाठी बाहेर नेते. ताट फिरवणारा मी. मला दिसतं. मी पुढं सरकतो. उलट्या काळजाचा माणूस आहे मी, दुसरं काय?

आणि काल दुपारी आला. इथंच उभा राहिला, बसला नाही. म्हणाला, "मास्तर, आता न्हाई सोसवत. माझंच चुकलं आसंल. तुमी शिकल्यालं, साहेब शिकल्यालं, समदीच म्हंत्यात टेकडी, मंग टेकडीच आसंल. लिवा कागद, आंगठा देतो. पर मला आत घ्या." प्रोफेसर, मी कागद लिहिला. 'मी मंडळीसमोर खोटं बोललो' — माझ्या अक्षरात, त्याच्या नावानं. शाई त्याच्या अंगठ्याला मी लावली. हा काय खिशात आहे. आज भाकर मोडायचा रविवार, आधी हा वाचायचा आणि मग त्याला आत घ्यायचं, असं ठरलंय. रात्रभर डोळ्याला डोळा नाही.

नाही वाचणार मी! म्हणून तर तुमच्यापाशी बोललो. तुम्हाला आज देवानंच धाडलं. तुम्ही आत चला, मी सगळ्यांसमोर उठून सांगतो, विहीर, खड्डा, सगळं, तुम्ही फक्त शेजारी उभे राहा. काय म्हणालात? — हो. टेकडीही मीच सांगितली आणि विहीरही मीच सांगतोय. कुठलं खरं धरायचं? बरोबर आहे, तुमच्या विद्येचा माणूस असंच विचारणार. मग माझं ऐकूच नका. तो बघा, येतोय. धुवट सदरा घातलाय, मागं तानाबाई आहे. त्याला विचारा. उभ्या जन्मात खोटं बोललेला नाही तो, चौदा महिने बाहेर बसला पण बोलला नाही.

सलाम, ज्योतीराम. सलाम, तानाबाई. इकडं ये. हे पुण्याचे प्रोफेसर. ही दाढ कुठं सापडली ते यांना हवंय. मी काही बोलत नाही हं, तूच सांग. भिऊ नको. खरं असेल ते सांग.

हात खाली घे, ज्योतीराम.

अरे, खाली घे तो हात! टेकडी दिसतेय त्यांना. तिथं काय आहे, तिथं काही नाही, तो खड्डा तर मी — माझ्याकडं काय बघतोस? बरोबर सांगितलं का म्हणून मला काय विचारतोस! काल काय लिहिलं ते विसर. विहीर म्हण. तुझी पहार, तुझा घाव — नाही नाही, यशवंतराव, काही नाही, तुम्ही कशाला आलात बाहेर, यांना आपलं सहज विचारत होतो...

बघितलंत? खांद्यावर हात टाकून आत नेला त्याला. म्हणाले, कागद वाचायची पण गरज नाही आता, परक्या माणसासमोर स्वतःच्या तोंडानं कबूल केलंय यानं. तानाबाई रडत होती, पाहिलंत ना? आनंदानं रडत होती. आता मी आत जाऊन काय सांगू? खरं सांगितलं तर तो खोटा ठरतो. आजपर्यंत नव्हता. आता आहे. मी केला.

असे बघू नका माझ्याकडं. टेकडीवर जायची गरज नाही तुम्हाला, तिथं काही नाही. काय लिहायचं ते लिहा. निघा तुम्ही. आत मंडळी खोळंबलीय, मला ताट फिरवायचंय.