एक कोपरा ओला

इंग्लंडमधल्या मेडनहेडच्या जनावरांच्या दवाखान्यात सिंधुबाई लेकीचं मांजर घेऊन बसल्या होत्या. शेजारी एक तरुण जोडपं बसलं होतं; मुलीच्या मांडीवर गाठ मारलेली उशीची खोळ होती. खोळीत साप आहे, हे त्यांना त्या जोडप्याच्या बोलण्यातूनच कळलं.

"वरद, डोळ्यांवरची कात निघाली नाही तर केवडा आंधळा होईल का रे?"

"काल त्याच्या काचेच्या टाकीत ह्युमिडिटी तीस टक्के होती. कात टाकताना साठ तरी हवी, ऋजुता."

"मी रोज पाणी शिंपडत होते."

"आणि शेजारी डीह्युमिडिफायर कोण लावत होतं?"

"भिंतीला बुरशी आली होती! तुझ्याच आईचे फोटो खराब होत होते."

"म्हणजे तू शिंपडायचं आणि मशीनने पिऊन टाकायचं."

"ओरडू नकोस, तो घाबरेल."

"सापाला ऐकू येत नाही गं फारसं."

"मला येतं ना."

सिंधुबाईंचे डोळे मिटले. नागपूरचा मे महिना, दाराला वाळ्याची ताटी, तिच्यावर तांब्याने पाणी मारणारे बाबा. घरभर फुफाटा, आणि त्या एका खोलीत हिरवट, गार, गोड झोप.

"केवडा?" नर्सने हाक मारली. दोघं आत गेली.

बऱ्याच वेळाने ऋजुता बाहेर आली. तिच्या तळहातावर दोन पारदर्शक टिकल्या होत्या.

"निघाली कात! दिसतंय त्याला!" ती फोनवर कुणाला तरी सांगत होती.

"बाळ," सिंधुबाई म्हणाल्या, "सगळं घर ओलं करायचं नसतं. एक कोपरा ओला ठेवावा, आणि त्यात त्याला निजू द्यावं."

"अय्या! काकू, तुम्ही सगळं ऐकलंत?"

"नाही गं. मी जरा निजले होते."