उण्यातल्या साडूचं सांत्वन

...आणि वर लिफ्ट! अहो, तीन मजल्यांच्या घराला लिफ्ट कशाला लागते, सांगा की मला? केशवापुरात माणसं काय ढगात राहतात? मी जळत नाही हं, तुम्हाला सांगतो, माझा तो स्वभावच नाही! पण हा वेंकटेश, म्हणजे माझा साडू, माझ्या बायकोच्या सख्ख्या बहिणीचा नवरा, ह्याला एसएसएलसीला गणितात किती मार्क होते ठाऊक आहे? पस्तीस! आणि मी? धारवाडात एकतीस वर्षं गणित शिकवलं, सुभाष रोडवरनं निघालो तर चार दुकानदार अजून उठून उभे राहतात... बरं, दोन. पण तो शेंगाचटणी कुटून कंपनीचा मालक, दारात दोन गाड्या, आणि मी पिशवी घेऊन बसच्या रांगेत!

वीस वर्षांपूर्वी कंपनी काढली तेव्हा आला होता माझ्याकडे. "मास्तर, दहा हजारांचे शेअर घ्या की!" मी म्हटलं, "वेंकटेशा, चटणीत शेंगा घालतात, पैसे नाही." काय हसलो होतो मी! आमची रुक्मिणी म्हणते, "थोडे तरी घेऊ या की हो." म्हटलं, "पाण्यात जातील!" विषय संपला.

तेव्हापासून दर वर्षी त्या कंपनीचा अहवाल आमच्या घरी येतो. गुळगुळीत कागद, वर हा हाताची घडी घालून उभा. कशाला पाठवतो? मला जळवायला, दुसरं काय! मी कुठला जळतोय, पाकीटसुद्धा न बघता रद्दीत टाकतो. पण यंदा काय बुद्धी झाली, फाडलं पाकीट, लावला चष्मा, उघडला ताळेबंद... आणि तुम्हाला सांगतो, डोळ्यांवर विश्वास बसेना! भागधारकांच्या भांडवलापुढं आकडा एक कोटी चाळीस लाख, आणि तो कंसात! कंसात म्हणजे उणे!

आता बघा, कंपनीचं असेल नसेल ते मांडलं, त्यातनं लोकांचं देणं वजा केलं, की उरतं ते मालकांचं. इथं उरायचं सोडाच, वर एक कोटी चाळीस लाख कमी पडतायत! शून्याच्या डावीकडं! मी ओरडलोच, "अगं रुक्मिणी, तुझ्या बहिणीचा नवरा बुडाला!" ती म्हणाली, "हळू बोला हो." हळू कशाला? माझा ऊर आनंदानं... म्हणजे दुःखानं भरून आला होता. वीस वर्षं जो माणूस माझ्या छातीवर बसून चटणी कुटत होता, तो उण्यात! मी जळत नव्हतोच म्हणा, पण त्या दिवशी दोन पोळ्या जास्त जेवलो.

मग म्हटलं, माणुसकी म्हणून भेटायला नको? आजाऱ्याला बघायला जाताना घेतात तशी डझनभर केळी घेतली, रुक्मिणीला घेतलं आणि गाठलं केशवापूर. ती गेली लिफ्टनं. मी म्हटलं, बुडालेल्या माणसाचं वीजबिल कशाला वाढवा, म्हणून जिन्यानं निघालो. गेल्या वर्षी गुडघा बदललाय माझा. काय गुडघा आहे हो! सगळं इन्शुरन्समधनं, रुक्मिणीनं परस्पर कागद केले, मला एका रुपयाची झळ नाही. धडाधडा तिसरा मजला!

वर बघतो तर पंगत! नव्या कारखान्याची पूजा, चाळीस पानं, आणि वेंकटेश पुढं येऊन, "बर्री मास्तर, बर्री! कुंद्रि, ऊट माड्री!" काय हो धीराचा माणूस, मनात म्हटलं, पाण्यात बुडतोय आणि मला जेवायला बसवतोय! मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चारचौघांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वेंकटेशा, रडू नको. केळी खा."

 हा म्हणतो, "काय झालं, मास्तर?" म्हटलं, "लपवू नको! उणे एक कोटी चाळीस लाख! मी तेव्हाच सांगितलं होतं!"

तेवढ्यात त्याची लेक वेदश्री, सीएचं शिकते, ती मठ्ठ्याचं भांडं घेऊन आली. "काका, आकडा बरोबर वाचलात. पण उणे आलं कुठनं, ते बघितलंत?" आता ही पोर मला उणे शिकवणार! म्हणते कशी, "वर्षानुवर्षं तोटा होऊन उणे झालं तर घाबरायचं. आमच्यात नफा झाला की अप्पा भागधारकांना वाटून टाकतात, साठवतच नाहीत. यंदा कर्ज काढून नवा कारखाना घातला. यंत्रं झिजतात ना, त्या झिजेचा घसारा पहिल्याच वर्षी भरमसाट लिहावा लागला, म्हणून तोटा. तो भांडवल आणि होती नव्हती ती साठवण, दोन्हीपेक्षा मोठा निघाला, झालं उणे! आणि आपली जुनी जागा आहे ना, ती अजून वीस वर्षांपूर्वीच्याच भावानं लिहिलेली आहे, म्हणजे तिची खरी किंमत ताळेबंदात दिसतच नाही. हां, चटणी खपली नाही तर हेच उणे गळ्याशी येईल. पण सध्या मागणी इतकी, की पुरवता पुरत नाही."

 पण मास्तर आहे मी, सोडतो की काय! म्हटलं, "वाटून टाकला? कुणाला? कोण हे फुकटे भागधारक?"

सगळी पंगत माझ्याकडं बघायला लागली. म्हणजे, बघत होती माझ्या मागं. वेंकटेश म्हणाला, "मास्तर, अहवालाच्या पाकिटावर नाव कुणाचं असतं, कधी वाचलं नाही का?"

मागं रुक्मिणी! कोशिंबीर वाढत होती, मान खाली घालून.

"अगं, पैसे कुठनं आणलेस?"

"शिवणाचे होते पाच हजार. तुम्हाला विचारलं होतं, तुम्ही पाण्यात म्हणालात."

"आणि वीस वर्षांचा लाभांश? तो कुठाय?"

तिनं पुढच्या पानावर कोशिंबीर वाढली. मग हळूच म्हणाली, "इन्शुरन्सवाल्यांनी गुडघ्याला नाही म्हटलं होतं."

आता सांगा! ज्याच्या जोरावर मी तीन मजले चढून ह्याचं सांत्वन करायला गेलो, तो गुडघाच ह्याच्या चटणीतला! भर पंगतीत मी त्याच्यावर उभा! वेंकटेशला ठाऊक होतं, त्याच्या बायकोला, अंबूताईला ठाऊक होतं, त्या मठ्ठा वाढणाऱ्या पोरीलासुद्धा ठाऊक होतं, आणि वर्षभर एकानं चकार शब्द काढला नाही. 

मी जळत नाही हं... जळून करायचं काय? जेवलो, दोनदा बासुंदी घेतली आणि निघालो. उतरताना मात्र लिफ्टनंच उतरलो. म्हटलं, बायकोच्या पैशाचा गुडघा आहे, घसारा आपण जपून लावलेला बरा.