उलटा रथ

टॅरोच्या पत्त्यांवरून भविष्य सांगणाऱ्या नातीला मी कसं हरवलं, ते ऐका. महू गावी राहणाऱ्या माझ्या धाकट्या बहिणीशी माझा अबोला होता. तिचा पाय मोडल्याचं कळलं आणि मी पिशवी भरली. मुलगा म्हणाला, "आई, बसने एकटी नको. रविवारी मी नेतो." त्याचे रविवार मला माहीत!

नात म्हणाली, "झगडा कशाला? पत्ते सांगतील ते फायनल. पक्का?"

"पक्का," मी म्हटलं.

माझ्यासमोर बसून तिने तीन पत्ते मांडले. पहिल्यात भांडण निघालं, दुसऱ्यात झुरणं. खरंच होतं ते. तिसरा रथाचा. "सॉरी आजी, उलटा आला. म्हणजे प्रवास अडला."

"उलटा कुठे? चाकं खाली, छत वर. मला तर सरळ दिसतोय."

"अगं, वाचणाऱ्याच्या बाजूने बघतात!"

"वाचणारी तू. जाणारी कोण?"

मुलाला हसू फुटलं. त्याने गपचूप स्कूटर काढून मला बस स्टँडवर सोडलं.

बहीण खाटेवरूनच फणकारली, "ताई, आत्ता आठवण झाली?"

मी तिच्या उशाशी बसले. म्हटलं, "रथ उलटा उभा होता गं. सरळ करून आले."