क्लिपचा दोष नव्हता

…नाही, ती खुर्ची नको, ती डुगडुगते, आणि या घरात मोडलेलं माझं एक खांद्याचं हाड पुरे आहे — खिडकीपाशी बस. आज उगवलास, होकान, आणि तोंड तर असं केलंयस, जणू मला पुरूनच परत आलायस. मी जिवंत आहे. खांदा, मनगट आणि दोन बरगड्या, एवढंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पन्नाशीत एका चाकावर मोटरसायकल चालवणाऱ्या बाईचं हाड मी पहिल्यांदाच बघतेय, चांगलं घट्ट आहे हो. वेलचीचे बन घे, शेजारणीने दिलेत. घे म्हणजे घे, नुसतं बघून पोट भरत नाही.

आणि खोक्यात काय आणलंस? … टर्बो. धुऊनपुसून, कागदात गुंडाळून, जसा काही माझ्या वाढदिवसाचा अहेर. म्हणजे काढलास तू गाडीवरून, मला न विचारता. अरे, अख्खा हिवाळा आपण त्या तुझ्या गोठ्यातल्या गॅरेजात बसून तो बसवला — बाहेर गुडघाभर बर्फ, आत तू इंजिनात डोकं घालून आणि मी दिवा धरून. पहिल्या दिवशी तू मला समजावलंस, सोल्वेग, इंजिनाचा वाया जाणारा धूरच पंखा फिरवतो, आणि तोच पंखा इंजिनात हवा कोंबतो, जितका धूर जास्त तितका जोर जास्त. मी म्हटलं, म्हणजे माझ्या आधीच्या सासूबाईंसारखंच की, स्वतःच्याच धुसफुशीवर चालायच्या. तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी दुपारी, पाना हातात असताना हसलास. तुला विनोद पोचायलाही वेळ लागतो, हवा तापल्याशिवाय तुझा पंखा फिरत नाही.

आणि आता म्हणे गॅरेजच बंद करणार. दुकानातली बाई सांगत होती, होकान कुणाचीच गाडी हातात घेत नाही, दाराला कुलूप आहे. दोघे जण गाडी घेऊन थेट नॉर्वेवरून आले, त्यांनाही परत पाठवलंस. आणि माझी गाडी परत पहिल्यासारखी करून देणार — कशाला, रविवारी चर्चला जायला? आठवडाभर मी शाळेची बस हाकते, होकान. सत्तरच्या वर काटा नाही. एल्क, ते घोड्याएवढं सांबर, आडवं आलं तर थांबते, त्याचं निवांत चालणं संपेपर्यंत, मागे चाळीस पोरं गाणी म्हणतात. तो बंद पडलेला विमानतळ आणि त्याच्या धावपट्टीवरची एका चाकाची शर्यत आहे म्हणून मी अजून माणसांत आहे.

आता हे काय काढलंस खिशातून? … क्लिप. हवेच्या पाइपवरची. हीच घेऊन फिरतोयस होय इतके दिवस? बघू इकडे. म्हणजे तुझं म्हणणं असं — क्लिप सुटली, पाइप निघाला, हवा गेली, जोर संपला, पुढचं चाक धपकन खाली आलं, सोल्वेग गवतात. आणि क्लिप कुणी आवळली? होकानने. झालं, खटला संपला, आरोपीने स्वतःच स्वतःला फाशी दिली. कुणी विचारलं का त्या बाईला, जी वर बसली होती? तिलाच विचारायचं राहिलं.

ऐक मग. बन खात खात ऐक. मी निघाले तेव्हा पहिल्या हजार फुटांतच चाक वर आलं, अगदी अलगद, लोण्यातून सुरी यावी तसं. मागच्या ब्रेकवर पाय हलका ठेवून मी ते तोलून धरलं. काटा दोनशे साठ, दोनशे सत्तर — वारा हेल्मेट उपटायला बघत होता आणि खाली तुझा टर्बो शिटी मारत होता, ती शिटी, लांब, चढत जाणारी. तीनशेला थोडंच राहिलं होतं. पाइप सुटला असता तर ती शिटी मेली असती ना? फुस्स झालं असतं. तूच सांगितलंयस मला. शिटी शेवटपर्यंत होती, होकान. मी गवतात लोळत होते तेव्हासुद्धा गाडी कुठेतरी बाजूला शिट्या मारत होती, निर्लज्ज. आणि ही क्लिप बघ नीट — आत माती आहे, गवताचं बी अडकलंय. ही गाडी शेवटची आपटली तेव्हा सुटली. एवढं तुला दिसलं नाही? तुला? मग तू बघितलीच नाहीस ती, नुसती खिशात ठेवून कुरवाळत बसलास.

चाक मी खाली आणलं. मीच. हात ढिला झाला माझा, मान वळली, मान वळली की खांदा वळतो, आणि वर थांबलेलं चाक वाकडं टेकलं — त्या वेगाला वाकडं टेकलेलं चाक कुणाचं ऐकत नाही, हँडल हातातून निसटलं. मान का वळली? हां, ते. … ते असं की — तू कधी बघत नाहीस ना. सगळी माणसं धावपट्टीकडे तोंड करून, आणि तू झाडांकडे, पाठ करून, ओठाखाली तंबाखू धरून. शर्यतीतली पोरं म्हणतात, होकान मशरूम शोधतोय. मी प्रत्येक वेळी तुझी पाठ बघत जाते. तो निळा डगला दिसला की मला कळतं, अर्धी धावपट्टी झाली. आणि त्या दिवशी — तू वळून उभा होतास. माझ्याकडे बघत होतास. टोपी हातात घेऊन, अशी छातीशी. मी म्हटलं, हा का वळला आज? काय झालं याला? आणि परत बघितलं.

… औषधाच्या गोळ्यांनी जीभ सैल होते, नर्सने सांगितलंच होतं. मनावर घेऊ नकोस. मला एवढंच म्हणायचं होतं की क्लिपचा दोष नव्हता. तुझाही नव्हता. माणसाने वळून बघणं हा काही दोष नाही, फक्त मला सवय नव्हती.

तर हे खोकं उचल, टर्बो परत बसव आणि त्या नॉर्वेवाल्यांना फोन कर. हाड जुळलं की मी येते दिवा धरायला. आणि पुढच्या वेळी बघायचं असेल तर पहिल्यापासून बघ, म्हणजे मला मधेच — जा आता. व्यायामवाली बाई येईल, तिच्यासमोर मी कण्हते, ते तुला ऐकवणार नाही. ऊठ. … होकान. तो माझा एकच धड हात आहे, सगळं घर त्याच्यावर चाललंय. … बरं. धर मग. पण बोलू नकोस काही.