मी फक्त सामान आणायला गेलो होतो

मुठीएवढा भात! मुठीएवढा! अहो पण कुणाच्या मुठीएवढा, ते नको का सांगायला? दवाखान्यातली ती आहारवाली बाई, तिची मूठ केवढी, तर लिंबाएवढी, आणि ती मूठ माझ्या नाकासमोर धरून म्हणते, "हे बघा, एवढाच भात. दोन वेळा." मी पण माझी मूठ तिच्या टेबलावर ठेवली. तुम्हाला सांगतो, मी फरशी बसवणारा माणूस, तेराव्या वर्षापासून फरश्यांच्या पेट्या उचलतोय, माझी मूठ टेबलावर ठेवली तर तिचा पेन घरंगळत खाली गेला. मी म्हटलं, "बाई, मग मी माझ्या मुठीएवढा खातो." बाई हसली नाही. मी चेष्टा करतच नव्हतो, तेही तिला कळलं नाही. शेजारी वहिनी बसली होती, तिनेच निकाल दिला, "तुमच्या मुठीएवढाच वाढीन मी भाऊजींना." झालं. संपला भात.

सव्वीस वर्षांचा आहे मी. सव्वीस! या वयात लोकांना काय काय होतं, लग्न होतं, मुलं होतात, मला डायबेटीस झाला. सारखी तहान लागायची, कामावर माठ रिकामा करायचो, तर वहिनीने एक दिवस माझ्या हातातला तांब्या बघितला आणि तिचा चेहराच उतरला. दुसऱ्या दिवशी हाताला धरून दवाखान्यात. कारण दादाला पण अशीच तहान लागायची. माझा थोरला भाऊ. पाच महिने झाले त्याला जाऊन. याच आजाराने गेला. डॉक्टर म्हणाले, "तुमच्या घराण्यातच आहे हे." घ्या! लोकांना घराण्यातून घरं मिळतात, दुकानं मिळतात. आम्हाला हे.

तर वहिनी म्हणाली, "भाऊजी, शनिवारी तुम्हीच जा आणि तुमचं सामान घेऊन या. स्वतः आणलं की स्वतःला कळतं." मोठ्या मोठ्या अक्षरात यादी करून दिली, कारण मी पाचवीतून पळालेला. वाचायचं काम आमच्यात दादाचं असायचं. मी म्हटलं, त्यात काय! सामान तर आणायचं. आणि खरंच सांगतो, माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, मी फक्त सामान आणायला गेलो होतो.

पण यादीत खाली एक ओळ होती. 'पाकिटावर साखर आहे का, वाचून घेणे.' वाचून घेणे! मी दुकानात पावाचं पाकीट हातात घेतलं आणि अक्षराखाली बोट धरून वाचायला लागलो, आणि मागे ट्रॉल्यांची रांग. एक आजोबा म्हणतात, "काय रे बाबा, परीक्षा आहे का?" आता साखर असेल तर 'साखर' लिहा ना सरळ! पण नाही. ग्लुकोज म्हणे, माल्टोज म्हणे, डेक्स्ट्रोज म्हणे, आणखी कसलं तरी सिरप. मी त्या सामान लावणाऱ्या मुलीला विचारलं, तर म्हणते, "दादा, ही सगळी साखरच." सगळी साखरच! पोलीस मागे लागलेला चोर इतकी नावं बदलत नाही हो! पाव ठेवला. सॉस घेतला, त्यात साखर. सॉस ठेवला. लोणच्यात साखर! आंबट म्हणून विकता आणि आत साखर घालता, तुमचा भरवसा कसा धरायचा माणसाने? शेवटी पाऊण तास फिरून माझ्या ट्रॉलीत काय, तर कोबी, पालक, अंडी. ज्यांच्यावर काहीच लिहिलेलं नसतं, तेवढंच.

हसताय. हसा. दादा असता तर तोही हसला असता. त्याने एका दमात सगळं वाचून दाखवलं असतं, आणि शेवटी म्हणाला असता, "छोट्या, यात साखर नाही, फक्त किमतीत आहे." असा बोलायचा तो.

आता तुम्हाला दादाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फरशी बसवायला आम्ही दोघं. तो माप घेणार, मी कापणार. आणि आमच्यात काय असतं, नवीन बसवलेल्या फरशीवर बूट घालून कुणी जात नाही. अनवाणी चालायचं. कुठे फरशी हलते, कुठे खाली पोकळ राहिलंय, ते तळव्याला कळतं. आणि दादाचा तळवा म्हणजे... अहो, तो डोळे मिटून खोलीभर चालायचा आणि सांगायचा, "तिसरी ओळ, खिडकीकडून दुसरी. उचल." उचलली की खाली पोकळ. एकदासुद्धा चुकला नाही.

मग त्याला डायबेटीस निघाला. आणि वर्ष-दोन वर्षांनी तो मला म्हणायला लागला, "छोट्या, आज तू चालून बघ." मला काय वाटलं असेल? मला वाटलं, बढती झाली! मला वाटलं, दादा आता मला कारागीर समजतो! घरी येऊन आईला सांगितलं मी, "आई, आता दादा मलाच चालायला सांगतो!" आईने दृष्ट काढायची तेवढी बाकी ठेवली. अहो, त्याला कळत नव्हतं हो पायाला! म्हणून मला सांगत होता.

एक दिवस कापलेल्या फरशीचा तुकडा त्याच्या तळव्यात घुसला. बोटभर. फरशीवर रक्ताचे ठसे उमटलेले, आणि हा निवांत मापाची दोरी धरतोय. मी ओरडलो, "आई गं!" तर म्हणतो कसा, "रक्त माझं आणि 'आई गं' तू म्हणतोस?" हसलो आम्ही. दोघंही. मी तर कामावर सगळ्यांना सांगत सुटलो, माझ्या भावाचा पाय पोलादाचा आहे, फरशी घुसली तरी दुखत नाही! पुढे डॉक्टर म्हणाले, "पाय मुका झाला होता." मुका! आणि मुक्या पायाचं आम्ही कौतुक करत होतो. ती जखम भरलीच नाही. आधी बोट गेलं, मग पाऊल गेलं, मग... जाऊ दे.

मी कुठे होतो? दुकानात. हां. मी फक्त सामान आणायला गेलो होतो.

पण अजून एक गोष्ट आहे आणि ती मी कुणालाच सांगितलेली नव्हती. दादाला गोड बंद केलं ना, तेव्हा तो असा व्हायचा, असा... लहान मुलाचं खेळणं काढून घेतल्यासारखा. मला बघवायचं नाही. मग मी दर शनिवारी संत्र्याच्या क्रीमच्या बिस्किटांचं पाकीट आणायचो आणि फरशीच्या रिकाम्या पेटीत लपवायचो. चहाच्या सुट्टीत द्यायचो दोन. तो डोळे मिटून खायचा आणि म्हणायचा, "छोट्या, या घरात मला समजून घेणारा तू एकटाच. तिला सांगू नकोस." मला बढती मिळाल्यासारखं वाटायचं. परत बढती! बघा ना काय डोकं माझं.

आणि आता वहिनी रोज भांडी घासताना स्वतःशी बोलते, "मी मोजून घालत होते. सगळं मोजून घालत होते. तरी साखर खाली का येत नव्हती? माझंच कुठेतरी चुकलं." मी शेजारी फडकं घेऊन ताटं पुसत असतो. मला माहिती असतं, का येत नव्हती. आणि मी ताट पुसतो. एकच ताट पाच-पाच मिनिटं पुसतो. पाच महिने चाललंय हे. सांगितलं तर ती माझं तोंड बघणार नाही, आणि नाही सांगितलं तर ती स्वतःला खात राहणार. सांगा, काय करायचं?

तर गल्ल्यावर आलो. गल्ल्यावरची मावशी आम्हाला लहानपणापासून ओळखते. तिने कोबी घेतली, पालक घेतला, अंडी घेतली, आणि मग हातात धरलं ते संत्र्याच्या क्रीमचं पाकीट! अहो, मी घेतलंच नव्हतं! म्हणजे घेतलं असणार, ट्रॉलीत आपोआप तर येत नाही ते, पण माझ्या हाताने घेतलं, मला न विचारता. शनिवार होता ना. हाताला कुणी सांगितलंच नव्हतं, दादा गेला म्हणून.

मावशी म्हणते, "हे कुणाला रे?"

आणि माझ्या तोंडातून गेलं, "दादाला."

मावशीने पाकीट हळूच बाजूला ठेवलं. तिला काहीतरी बोलायचं होतं, माणूस बोलतोच ना अशा वेळी काहीतरी, तर ती म्हणाली, "किती आवडायचं रे त्याला. तुमच्या घरातून तिघं जण न्यायचे. तुझी वहिनी सोमवारी, आई गुरुवारी, तू शनिवारी. मी आमच्या ह्यांना म्हणायचे, केवढं गोडाचं वेड त्या घराला!"

तिघं.

मी म्हटलं, "मावशी, काय म्हणालीस?" तर ती घाबरली, म्हणते, "का रे? वहिनी सांगायची, घरी बोलू नका म्हणून. आई पण तेच सांगायची. आणि तू पण!"

तुम्हाला खरं सांगतो, सांगायला लाज वाटते, पण पहिल्यांदा मला बरं वाटलं. असं छातीवरून कुणीतरी पेटी उचलल्यासारखं. मी एकटा नाही! पुढच्या पावलाला त्या बरं वाटण्याचाच राग आला. आणि त्याच्या पुढच्या पावलाला दोघींचा राग आला. आणि राग आला की मी थांबत नाही, माहितीये ना? रस्ताभर मोठमोठ्याने बोलत निघालो, हातात कोबी, लोक बाजूला होतायत. आज सांगतोच! आज विचारतोच! मी फक्त सामान आणायला गेलो होतो, आणि आलो घरी वादळासारखा.

तर दोघी जेवायला थांबलेल्या. माझं ताट मांडलेलं. आणि आहारवाल्या बाईने सांगितलंय, अर्ध्या ताटात भाजी, पाव ताटात भात, पाव ताटात डाळ. आता मापाचं काम मला येतं, सकाळीच मी ताटावर पेन्सिलीने रेघा मारून ठेवलेल्या, काटकोनात, दोन फरश्यांत सोडतो तसा मध्ये सांधा सोडून. वहिनी त्या रेघांकडे बघत म्हणाली, "भाऊजी, ताट आहे हे. बाथरूम नाही."

आणि हसली. पाच महिन्यांत पहिल्यांदा. आता मी काय करू? मी भांडायला आलेलो! मी तिथेच उभ्याने रडायला लागलो. मोठ्याने. कोबी हातात घेऊन. आणि रडता रडता ओकलो सगळं, "वहिनी, मी द्यायचो. बिस्किटं. रोज दोन. तुमचं काही चुकलं नाही. मीच द्यायचो."

वहिनीचा हात भाताच्या डावावर तसाच राहिला. मला वाटलं, आता डाव डोक्यात बसतो. बसू दे.

तर आई. आई भिंतीकडे बघत म्हणाली, "दुपारी मी द्यायचे. एकच द्यायचे रे. तो म्हणायचा, आई, या घरात मला समजून घेणारी तू एकटीच. तिला सांगू नकोस."

मी वहिनीकडे बघितलं. वहिनी खाली बसली. म्हणाली, "सकाळच्या चहाबरोबर. दोन." मग पदर तोंडाला लावून म्हणाली, "मला म्हणायचे, आईला नि छोट्याला कळू देऊ नकोस. या घरात मला समजून घेणारी..."

"...तू एकटीच," आई आणि मी एकदम म्हणालो.

अहो, काय माणूस! तिघांना तेच वाक्य! शब्दसुद्धा बदलला नाही! आई म्हणाली, "लबाड मेला," आणि 'मेला' म्हणून गेली तर तिचं तिलाच ऐकू आलं, आणि मग ती जी रडली... आम्ही तिघं एकाच ताटाभोवती बसून रडलो, हसलो, परत रडलो. तिघांनी आपापलं मोजलं होतं. दोनच तर. एकच तर. दोनच तर. कुणी कुणाला सांगितलंच नाही, तर बेरीज कोण करणार? बेरीज त्याच्या पायाने केली.

थोड्या वेळाने वहिनी उठली, डोळे पुसले, आणि माझ्या ताटात भात वाढला. लिंबाएवढा. मी म्हटलं, "वहिनी, आज तरी..." तिने नुसतं बघितलं. आईने पण बघितलं. मी खाल्ला. कसा लागतो विचारू नका. नवीन पुठ्ठा ओला करून खाल्ल्यासारखी ती भाजी, आणि समोर दोन बायका मी घास गिळतोय की नाही ते बघतायत.

आणि आता काय झालंय माहितीये? त्या दिवसापासून घरात नियम झालाय. दर शनिवारी दुकानात तिघं मिळून जातो. आई ट्रॉली धरते, वहिनी वाचते, मी उचलतो. बिस्किटांची ओळ आली की तिघं एकमेकांच्या हातांकडे बघत पुढे सरकतो, चोरांना बेड्या घालून नेतात ना, तसे. रांगेतले लोक बघतात, तीन धडधाकट माणसं दोन काकड्या नि डझनभर अंडी न्यायला आलीत म्हणून. परवा मावशीनेच विचारलं, "अगं, एवढ्याशा सामानाला तिघं कशाला? एकाला पाठवायचं की!"

काय सांगू तिला? एकट्याला पाठवावं असं आमच्या घरात कुणी नाही.