चहाचा कायदा

"पोरगी गुणाची आहे, पण मुकी की काय?" सासूबाई मामंजींना विचारत होत्या आणि मी नेमकी दाराआड. खरं सांगू? मला बोलायचं होतं एकच, चहाबद्दल! मद्रासच्या या तंजावरी मराठी घरात सगळे कापी, म्हणजे आपली कॉफी, पीत. पहिल्याच सकाळी सासूबाईंनी बजावलं होतं, "आमच्या घरात चहा करायचा नाही. तो ताप आलेल्यांना." मी साताऱ्याची. माहेरची चहाची पुडी ट्रंकेत तशीच पडून होती. मी अर्धी कापी टाकलेली बघून कालच त्या म्हणाल्या होत्या, "अगं, घर तुझंच. हवं ते करून पी, मला विचारू नकोस."

त्या संध्याकाळी मामंजी आमच्या ह्यांना वकिलीच्या परीक्षेसाठी 'रिपील' शिकवत होते.

"अरे, कायदा दोन रीतींनी रद्द होतो. एक, तसं लिहून. दुसरी, न लिहिता. नवा कायदा असा आला की दोन्ही एकदम पाळताच येत नाहीत, तर जुना आपोआप गेला. दे उदाहरण!"

हे पुस्तकाची पानं उलटू लागले.

"अय्यो, सुनेसमोर ओरडू नका," सासूबाई म्हणाल्या.

"मग सूनच देऊ दे उदाहरण!"

मी पदर सावरला. "मामंजी, पहिला कायदा, घरात चहा करायचा नाही. दुसरा कालचा, हवं ते करून पी. दोन्ही सासूबाईंचेच. म्हणजे पहिला गेला. मी आधण ठेवते, कोण कोण घेणार?"