ताईचा स्वेटर

छोटी : आधी कात्री खाली ठेवा.

डॉक्टर : अगं बये, दंडात लोखंडाचा तुकडा घुसलाय तुझ्या. बाही कापल्याशिवाय मला दिसणार कसं? सिस्टर, तुम्ही घट्ट दाबून धरा, सोडू नका.

छोटी : डोक्यावरून काढा.

डॉक्टर : हात हलवला की रक्त आणखी वाहील. इथं जखमी आला की आधी कपडे कापायचे, हा नियमच आहे. काल एका मेजरची अख्खी वर्दी कापली. चकार शब्द काढला नाही त्यानं.

छोटी : ती वर्दी त्यांनी ताईला न विचारता घातली होती का?

डॉक्टर : नाही बुवा.

छोटी : मग त्यांचं काय जातंय!

डॉक्टर : असं आहे होय. मारते का ताई?

छोटी : ओरडते. गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जातं. आणि हा तिनं स्वतः विणलाय.

डॉक्टर : कुठाय ही रणरागिणी?

छोटी : पाण्याच्या रांगेत गेली होती. मला थंडी वाजली म्हणून मी घातला. मग धडाम झालं. डॉक्टर, रांगेवरपण पडला का गोळा?

डॉक्टर : ठाऊक नाही गं. खोटं कशाला सांगू? सकाळपासून या तळघरातून वर गेलोच नाही मी. पण तिला शोधायला माणूस पाठवलाय.

छोटी : सापडली तर स्वेटरचं तुम्ही सांगा.

डॉक्टर : सांगतो. बाहीच्या जोडावरच कापतो, म्हणजे पुन्हा शिवता येईल. वीस वर्षं माणसं शिवतोय मी.

छोटी : माणसं सोपी असतात. बरं, कापा.

डॉक्टर : शाब्बास. आता सरळ पड. ही फीत शेजारी लावली की उंचीवरून कळतं, औषध किती द्यायचं. हं, पाच वर्षांची.

छोटी : सात!

डॉक्टर : फीत पाच म्हणते.

छोटी : धुतली असेल तुम्ही. आटलीय.

डॉक्टर : सिस्टर, हसू नका, हात हलतोय. आता टोचेल हं. मुंगी चावल्यासारखं.

छोटी : आई गं! एवढी मोठी मुंगी?

डॉक्टर : झालं, झालं. हा बघ तुकडा. निघाला. आता रडलीस तरी चालेल.

छोटी : ताई आल्यावर रडेन. आत्ता नको.

(जिन्यावरून धावत उतरणाऱ्या चपलांचा आवाज.)

ताई : कुठाय ती कार्टी? कडी लावून आत बस म्हटलं होतं ना? तीन दवाखाने पालथे घातले मी! आणि हे काय? माझा स्वेटर कुणी कापला?

डॉक्टर : मी. म्हणजे, जोडावरूनच...

ताई : हा जोड? मधोमध कात्री घातलीत! डोळे आहेत की बटणं? आणि तू गं, कुणाला विचारून घातलास? कुठं कुठं शोधलं तुला, जीव जायची वेळ आली माझी!

डॉक्टर : अहो बाई, हळू. बाकीचे पेशंट आहेत इथं.

छोटी : नका ना डॉक्टर, तिला गप्प करू नका. ताई, अजून थोडं ओरड ना.